एकच रिंग

बेळ्ळंदूरच्या सिग्नलला एका मोबाईल कंपनीची भलीमोठी जाहिरात लागली आहे. डोंगराच्या टोकावर एक गोरागोमटा पोरगा मोटरसायकलला टेकून उभा आहे, मागे ढग, कानाला फोन, आणि बत्तिशी दाखवत हसून राहिला आहे. खाली लिहिलंय, कुठेही जा, आम्ही आहोतच. रोज ऑफिसला जाताना त्या सिग्नलला मी सडत उभी असते आणि रोज त्या पोराला हेल्मेटच्या आतून शिव्या घालते. अरे कुठे आहात तुम्ही? कुद्रेमुखच्या जंगलात या एकदा, मग दाखवते कुठे आहात ते!

आणि मग पाठोपाठ अण्णा आठवतात आणि डोकं आणखीनच फिरतं. कारण या कंपन्या थापा मारतात हे मला अण्णांनीच शिकवलं. आणि ज्या दिवशी त्या डोंगरात खरोखर रेंज आली, खरोखर फोन वाजला, त्या दिवशी याच माणसाने तो खिशात टाकून चेन लावली.

अण्णा म्हणजे जयनगरातले माझे घरमालक. मी नागपूरहून इथे नोकरीला आले तेव्हा ऑफिसजवळच्या त्या उंच उंच इमारतींतले फ्लॅट बघून मला गुदमरायला झालं, आणि मी थेट जयनगर गाठलं. खाली अण्णा आणि त्यांची बायको अक्का, वर मी. त्यांचं घराणं चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि परत जायचं विसरलं, असं अण्णा सांगायचे. घरात मराठी, पण कन्नडात भिजलेली, अशी की पहिले पंधरा दिवस मला अर्धी कळायची नाही. 'थोडं'ला स्वल्प, 'बरं'ला सरी. मला नाव होतं, पण अण्णांनी ते कधी घेतलं नाही. पहिल्या दिवसापासून मी 'नागपूर'. "ए नागपूर, गाडी स्वल्प आत घे, गेट लागत नाही."

माझ्याकडे मोटरसायकल आहे हे बघूनच त्यांनी मला खोली दिली होती. हे मला नंतर अक्काने सांगितलं. आधी आलेल्या तिघांना त्यांनी परत पाठवलं होतं, कारण ते तिघेही कारवाले होते.

बुटका, पोट सुटलेला माणूस. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्याच्या कारखान्यांच्या वस्तीत, लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप. गाडी दोन सायलेन्सरची, माझ्यापेक्षा वयाने मोठी, चालू झाली की अख्खी गल्ली खिडकीत यायची. अंगात शिंप्याकडून शिवून घेतलेलं खाकी जाकीट, आणि त्या जाकिटाला फोनचे तीन खिसे. तीन खिशांत तीन फोन, तीन कंपन्यांचे. त्यांची नावंसुद्धा ते घ्यायचे नाहीत. डावी कंपनी, उजवी कंपनी आणि आतली कंपनी. "डावी चिकमगळूरपर्यंत बरी. पुढं डावीवर विश्वास ठेवलास तर गेलीस." महिन्यातून एकदा आम्ही चारपाच जण त्यांच्या मागे घाटात जायचो, आणि प्रत्येक वेळी हेच प्रवचन ऐकायचो.

घाटातल्या रेंजच्या बाबतीत मात्र या माणसाचा हात कुणी धरू शकत नव्हतं. कुठल्या वळणावर, कुठल्या झाडाखाली, तोंड कुठे करून उभं राहिलं की कुठली कंपनी एक दांडी दाखवते, सगळं पाठ. त्या जागांना त्यांनी नावं ठेवली होती. एक होतं सासूबाई वळण. तिथे पलीकडचं सगळं ऐकू येतं, आपलं मात्र पलीकडे एक अक्षर जात नाही. दुसरा जावई दगड. तिथे रेंज येते, पण टिकत नाही, आली की तिचा मान राखायचा, हलायचं नाही. रस्त्याच्या कडेला काळा कातळ, त्यावर अण्णा फोन हातात धरून चढायचे, एक पाय वर, कोपर बाहेर, आणि आम्ही खाली हेल्मेट काढून उभे. हसू आलं तर खैर नाही.

एकदा आमच्यात ऑफिसातला एक नवा मुलगा होता. त्याने जावई दगडावर चढून मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. अण्णांचा चेहरा असा झाला, जणू त्याने कुणाच्या देवघरात चपला घालून पाय ठेवला!

"उतर खाली! मागे चार जण उभे आहेत, दिसत नाही?"

"अंकल, बस दोन मिनिटं."

"दोन मिनिटं? इथं आहेच किती ती रेंज! तू सगळी ओढलीस तर बाकीच्यांनी काय करायचं?"

म्हणजे अण्णांच्या लेखी रेंज ही टाकीतल्या पाण्यासारखी. टँकर येईपर्यंत पुरवून वापरायची. मी त्यांना टॉवर म्हणजे काय, सिग्नल म्हणजे काय, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सरी. पण उतरव त्याला."

दगडावर चढून अण्णा स्वतः काय करायचे? बोलायचे? नाव नको. घरी एक रिंग द्यायचे आणि कट. बास. मग थांबायचं. जयनगरात अक्का स्वयंपाकघरातून हात पुसत यायची, चष्मा शोधायची, आणि उलट एक रिंग देऊन कट करायची. तिची रिंग म्हणजे 'सरी'. कळलं, पोचलात, पुढे जा. ती आली की अण्णा अंगठा दाखवून दगडावरून उतरायचे.

ही सवय जुनी. पीण्यातल्या धंद्यासाठी त्यांनी पहिला मोबाईल घेतला तेव्हा आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे. तेव्हा सगळा देशच मिस्ड कॉल देत होता, माझे बाबासुद्धा बसस्टँडवरून द्यायचे. पण तो काळ गेला ना! आता एकदा रिचार्ज मारलं की महिनाभर तोंड दुखेपर्यंत बोला. सगळा देश सुधारला, अण्णा नाही. ते म्हणायचे, "बोललं की काळजी वाढते. पाऊस आहे का, जेवलात का, खोकला का येतोय. रिंग आली म्हणजे माणूस जिवंत आहे. आणखी काय पाहिजे?"

बरं, घरी तरी बोलावं? घरी हा माणूस पेपर वाचायचा.

अक्काला काय पाहिजे ते मला ठाऊक होतं. अण्णा घाटात गेले आणि मी गेले नाही असं एखाद्या वेळी व्हायचं, तेव्हा ती मला खाली बोलावून घ्यायची. "ऊटा झालं का गं? नसेल तर ये." जेवण झालं असलं तरी मी जायचे, कारण तिच्या हातचं सारू मला कुठल्याही भाषेत चालायचं. गळ्यात तिने स्वतः शिवलेली कापडी पिशवी, त्यात बटणांचा फोन. दोनचं बटण दाबून धरलं की अण्णांना लागायचा. बाकीची बटणं तिच्या लेखी शोभेची. तीनच्या बटणावर माझा नंबर टाकून देते म्हटलं तर म्हणाली, "नको गं, गोंधळ होईल." जेवता जेवता अण्णांची रिंग यायची, ती उलट रिंग द्यायची आणि फोन परत पिशवीत ठेवायची. एकदा ठेवता ठेवता म्हणाली, "रिंगचं काय गं, ती कंपनीची असते. माणसाचा आवाज आला की बरं वाटतं."

मी हे अण्णांना सांगितलं. तोंडावर सांगितलं, मागून नाही.

"अण्णा, एकदा उचलून बोला ना तिच्याशी. काय जातं तुमचं?"

"तिनं सांगितलं तुला?"

"हो, सांगितलं."

"मग ती बोलतेच आहे की तुझ्याशी."

घ्या! या माणसाशी काय बोलणार! मी पाय आपटत जिना चढले आणि ते मागून ओरडले, "हळू, जिना जुना आहे!"

आता तो दिवस. त्या वेळी बाकीच्यांना सुट्टी मिळाली नाही, आम्ही दोघंच होतो. रात्री जंगलाच्या अलीकडे एका कॉफीच्या मळ्यात उतरलो होतो, तिथे तिन्ही कंपन्या मेलेल्या. माझा फोन तर चिकमगळूरपासूनच मुका. सकाळी धुक्यात निघालो. कुद्रेमुखच्या जंगलातून कळसा गावाकडे येणारा तो रस्ता, दोन्हीकडे झाडी, खाली दरी, कितीतरी वेळ समोरून एक गाडी नाही. जावई दगडाशी अण्णांनी गाडी लावली. हातमोजे काढले, हेल्मेट काढलं, आतल्या खिशातून आतली कंपनी बाहेर काढली आणि कातळावर चढले.

आणि फोन वाजला. त्यांनी अजून बटणाला हातसुद्धा लावला नव्हता.

एक रिंग. बंद.

अण्णांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि वरून मला अंगठा दाखवला. "अक्का. सरी म्हणते."

"कशाला सरी?" मी म्हटलं. "तुम्ही अजून रिंग दिलीच नाही."

ते हसले. मला ते हसू अजून दिसतं आणि अजून संताप होतो. त्या हसण्यात काय कौतुक होतं! "बघ नागपूर. रिंग द्यायच्या आधीच कळलं तिला. एवढ्या वर्षांचा संसार आहे, गंमत नाही."

"अण्णा, ती कधी आधी करते का? आजवर कधी केलाय का तिने आधी?"

"आज केला."

"मग लावा ना उलट! लावा आणि बोला!"

"रेंज गेली."

"जात नाही, हलू नका, तिथेच उभे राहा. नाहीतर मला द्या, मी बोलते." मी हात वर केला. त्यांनी फोन आतल्या खिशात टाकला, चेन ओढली आणि दगडावरून उतरले.

"बोललं की काळजी वाढते. तुला बोलायचंच असेल तर पुढं कळशाला बोल, तिथं तिन्ही येतात."

त्यांच्या गाडीपुढे मी आडवी उभी राहिले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, घरमालकाशी बोलू नये असंच काहीतरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, 'सरी, सरी' म्हणाले आणि किक मारली. दोन सायलेन्सरचा आवाज सुरू झाल्यावर माणसाने ओरडायचं तरी कसं? मी त्यांच्या मागे निघाले. कळसा येईपर्यंत रस्ता संपता संपेना. ते पुढे आरामात, वळणावळणाला हात दाखवत, आणि मी मागे दात खात.

कळशाच्या बाजारात शिरलो आणि तिन्ही खिसे एकदम वाजायला लागले. डावा, उजवा, आतला. माझाही. अण्णांनी कुठला घ्यावा ते त्यांनाच कळेना, खिसे चाचपत नुसते उभे. माझ्या फोनवर समोरच्या घरातल्या शिक्षिका बाई होत्या.

अक्का स्वयंपाकघरात पडली होती. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली, वाचा गेली. रोज उजाडता गेटसमोर रांगोळी घालणारी बाई, आणि त्या दिवशी दुपारचं ऊन आलं तरी सडासुद्धा नाही, म्हणून शिक्षिका बाईंना शंका आली. मागच्या दाराने आत गेल्या तर अक्का जमिनीवर, डोळे उघडे, डाव्या हातात फोन, आणि अंगठा दोनच्या बटणावर दाबलेला. तो अंगठा सोडवून घ्यावा लागला, म्हणाल्या.

म्हणजे ती लावतच होती. सकाळपासून लावतच होती. अण्णा जंगलात, फोन लागायचा नाही, ती पुन्हा बटण दाबायची. तिला दुसरं बटण ठाऊकच नव्हतं. आणि एकदा तो लागला. त्या दगडावर, बरोबर त्या मिनिटाला लागला, एक रिंग वाजली आणि रेंज गेली. तिने कट केला नव्हता हो! तिच्या नवऱ्याने हातात फोन धरून ती रिंग ऐकली आणि अंगठा दाखवला. तिथून एकदा उलट फोन लावला असता, ती बोलली नसती तरी त्या न बोलण्यावरूनच कळलं असतं, शिक्षिका बाईंना आत जाऊन बघायला सांगता आलं असतं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला पाहिजे होतं. डॉक्टरांना काय, ते सगळ्यांनाच असं म्हणतात. पण ते ऐकताना अण्णांनी भिंतीला हात लावला, आणि मला दया आली नाही. खरं सांगते, अजिबात आली नाही.

अक्काला महिन्याभराने घरी आणलं. उजवा हात मांडीवर ठेवला तर तिथेच. तोंडातून एक जाडसर आवाज यायचा, त्याचे शब्द होत नव्हते. पण कळत सगळं होतं. मी आत गेले की डोळ्यांनी हसायची. अण्णा आत आले की भिंतीकडे तोंड करायची. हळूहळू करायची, कारण मान वळवायलाच तिला कष्ट पडायचे. पण करायची.

अण्णांनी गाडीवर ताडपत्री टाकली. पेपर बंद केला. अक्काच्या खाटेपाशी बसून हा माणूस बोलायला बघायचा आणि त्याला जमायचं नाही. घसा साफ करायचे, "औषध घेतलं का?" म्हणायचे, की पुढचं संपलं. ती भिंतीकडे बघत असायची.

वर्कशॉप किती दिवस बंद ठेवणार? एका सोमवारी ते मेट्रोने पीण्याला गेले. माझं काम त्या दिवशी घरूनच होतं, म्हणून मी लॅपटॉप घेऊन अक्काजवळ बसले होते. दुपारी तिच्या पिशवीतला फोन वाजला. तिने डाव्या हाताने काढला, बघितला आणि अंगठ्याने कट केला. एका रिंगला.

पुन्हा वाजला. पुन्हा एका रिंगला कट. तिसऱ्यांदाही तेच. मग माझा फोन वाजला.

"नागपूर, अक्का फोन कट करते गं." मागे लेथची घरघर. "बरी आहे ना?"

"मला काय विचारता?" मी म्हटलं. "एक रिंग आणि कट. तुम्हालाच कळतं ना ते. सांगा, काय म्हणते?"

पलीकडची लेथची घरघर बंद झाली. मला वाटलं रेंज गेली. मग ते म्हणाले, "सरी नाही म्हणत."

"नाही म्हणत."

"तिला स्वल्प सांग..."

"मी काही सांगणार नाही! या आणि तुम्ही सांगा!" आणि मीही फोन कट केला.

ते आले. एवढ्या लांबून, वर्कशॉप उघडं टाकून, हाताला ग्रीस तसंच. दारात उभे राहिले. अक्काने मान वळवायला सुरुवात केली आणि ते म्हणाले, "राहू दे, राहू दे, मान दुखेल." आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन पायरीवर बसले, आमच्याकडे पाठ करून. खिडकीतून मला त्यांचं टक्कल आणि कानाशी धरलेला फोन दिसत होता.

अक्काचा फोन वाजला. तिने अंगठा कटच्या बटणावर नेला आणि तिथेच ठेवला. दोन रिंग, तीन, चार. त्या घरात एवढा वेळ वाजलेला फोन मी कधी ऐकला नव्हता. मग तिने तो उचलून कानाला लावला.

"मी आहे," अण्णा पायरीवरून म्हणाले. आवाज खिडकीतूनही येत होता आणि फोनमधूनही. "पायरीवर बसलोय. ऊन आहे."  मग म्हणाले, "त्या दिवशी मळ्यात रात्री पाऊस होता. पांघरूण ओलं होतं, झोप नाही लागली. सकाळी ताटात अक्की रोटी होती, तुझ्यासारखी नव्हती, जाड होती. खोकला होता मला, चार दिवसांपासून होता. तुला सांगितला नाही." असं काय काय सांगत राहिले. धुकं किती होतं, गाडी कुठे अडखळली, दगडावर पाय कसा घसरला. एवढ्या वर्षांत जे 'काळजी वाढते' म्हणून दाबून ठेवलं ते सगळं. अक्का ऐकत होती. डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं आणि पुसायला तिचा एकच हात, तो फोनला लागलेला. मी पुसलं.

"मला वाटलं तू सरी म्हणालीस," अण्णा म्हणाले.  "आता बोल की गं. एक शब्द बोल."

तेव्हा मला वाटलं बाहेर जावं आणि या माणसाला गदागदा हलवावं. आयुष्यभर जी बोलायला तोंड उघडून बसली होती, तिला आता म्हणतो बोल! अक्काचे ओठ हलले. तो जाडसर आवाज एकदा आला आणि अडकला. तिने फोन कानापासून काढला, त्याच्याकडे बघितलं आणि बंद केला. मग दोनच्या बटणावर अंगठा ठेवून दाबून धरला.

बाहेर पायरीवर एक रिंग वाजली. दुसरी वाजायच्या आत अण्णांनी फोन उचलला, कानाला घट्ट लावला, आणि पलीकडून काहीही येत नसताना कितीतरी वेळ तसाच धरून बसले.

आता मी बेळ्ळंदूरला राहते, ऑफिसच्या जवळ. त्या जाहिरातीखाली सिग्नल सुटेपर्यंत मला रोज अण्णा पायरीवर तो फोन उचलताना दिसतात आणि रोज मी त्यांच्यावर ओरडते. हेच त्या दगडावर करायचं होतं, अण्णा. एवढंच तर करायचं होतं.